पाचारण एकाचे, ऐक्य सर्वांचे
ख्रिस्ती जीवनातील एका जुन्या प्रश्नाचा मागोवा : करिंथपासून केडगाव आणि नागपूरपर्यंत

नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी आपापली स्वतंत्र ओळख विसर्जित करून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' (उत्तर भारतीय मंडळी) या एकाच मंडळीची स्थापना केली. या घटनेमागे १९२९ पासूनच्या चार दशकांच्या वाटाघाटी होत्या. चर्चेत दीर्घकाळ सहभागी असलेल्या अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्ट चर्चने मात्र ऐन वेळी बाहेर राहण्याचा निर्णय घेतला. जे आत आले त्यांनाही 'आमच्या पूर्वजांनी ज्या तत्त्वासाठी कष्ट सोसले, ते आम्ही सोडत तर नाही ना', ही शंका छळत होती. जे बाहेर राहिले त्यांना फुटीरपणाचा दोष पत्करावा लागला.

व्यक्तीला ईश्वराकडून आलेली हाक आणि समुदायाचे ऐक्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. महाराष्ट्राच्या सामाजिक व वाङ्मयीन इतिहासालाही तो परका नाही. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या दोन मराठी व्यक्तींच्या आयुष्यात हाच प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिलेला दिसतो.

'पाचारण' म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या हाकेसाठी 'पाचारण' हा शब्द रूढ आहे. देव प्रत्येक माणसाला विशिष्ट कार्यासाठी बोलावतो, अशी त्यामागील श्रद्धा आहे. मध्ययुगीन युरोपात ही संज्ञा प्रामुख्याने धर्मगुरू, साधू आणि साध्वी यांच्यापुरती मर्यादित झाली होती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर याने चांभार, शेतकरी, गृहिणी यांचे दैनंदिन कामही ईश्वराचे पाचारणच होय, असे प्रतिपादन केले. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये संमत केलेल्या चर्चविषयक दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना आहे, असे स्पष्टपणे नमूद केले.

ऐक्याच्या संकल्पनेचा उगम येशूच्या अखेरच्या प्रार्थनेत मानला जातो. योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आपले शिष्य एक असावेत, अशी मागणी येशू करतो. त्यामुळे ऐक्य ही केवळ संघटनेची सोय नसून तो श्रद्धेचा भाग आहे, असे बहुतेक सर्व पंथ मानतात. मतभेद आहेत ते ऐक्याचे स्वरूप कसे असावे याविषयी.

करिंथमधील भांडण

या प्रश्नाची पहिली सविस्तर चर्चा संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. हे पत्र साधारणतः इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिले गेले, असे अभ्यासक मानतात. करिंथ हे ग्रीसमधील गजबजलेले व्यापारी शहर होते. तेथील लहानशा मंडळीत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा अनुयायी म्हणवीत होता, कोणी अपुल्लोचा, तर कोणी पेत्राचा. शिवाय ज्यांना अन्य भाषांतून बोलण्याचे दान लाभले आहे, असे मानले जाई, ते इतरांना कमी लेखत होते.

यावर पौलाने शरीराचा दृष्टान्त दिला. डोळा, हात, पाय, कान यांची कामे भिन्न आहेत. सगळे शरीर डोळाच झाले तर ऐकणार कोण? आणि पाय शरीरापासून वेगळा झाला तर तो चालणार कसा? या दृष्टान्ताचे वैशिष्ट्य असे, की त्यात वेगळेपणाचे आणि एकत्वाचे समर्थन एकाच वेळी होते. कोणत्याही कृपादानाचे मोल ठरविण्यासाठी पौलाने सोपी कसोटी सांगितली : त्यातून इतरांची उन्नती होते का? या चर्चेच्या मध्यभागी, तेराव्या अध्यायात, प्रीतीविषयीचे प्रसिद्ध विवेचन येते. विवाहप्रसंगी आवर्जून वाचला जाणारा हा अध्याय मुळात भांडणाऱ्या मंडळीला उद्देशून लिहिलेला आहे, याचा अनेकदा विसर पडतो.

स्वतः पौलाचे आयुष्यही वादांपासून मुक्त नव्हते. बिगरयहुदी अनुयायांवर सुंतेचे बंधन असावे की नसावे, यावर यरुशलेम येथे सभा भरली आणि ते लादू नये असे ठरले. अंत्युखिया येथे पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष विरोध केला. पुढे मार्क नावाच्या तरुण सहकाऱ्याला सोबत घ्यावे की नाही, यावरून पौल आणि त्याचा जुना मित्र बर्णबा यांचे इतके बिनसले, की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. मात्र तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्कचा 'उपयोगी' म्हणून उल्लेख येतो. वेगळे होणे आणि वैर धरणे यांत अंतर आहे, याचे हे सर्वांत जुने उदाहरण.

परवानगीची वाट पाहणारे पाचारण

पुढील शतकांत या तिढ्यातून वेगवेगळ्या वाटा निघाल्या. त्यांपैकी एक म्हणजे आज्ञापालनाची. ज्याला हाक ऐकू आली त्याने ती चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मांडावी आणि त्यांच्या मान्यतेनंतरच पुढे जावे, ही कॅथलिक परंपरा आहे.

भारतीयांना याचे परिचित उदाहरण मदर तेरेसा यांचे आहे. कोलकात्यातील लोरेटो संस्थेत अध्यापन करीत असताना, १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत, गरिबांतील गरिबांसाठी काम करण्याची हाक आपल्याला आली, असे त्या सांगत. पाचारणाच्या आत आलेले पाचारण, असे त्यांनी त्याचे वर्णन केले. तथापि कॉन्व्हेंटबाहेर पडण्यासाठी त्यांना जवळजवळ दोन वर्षे थांबावे लागले. कोलकात्याचे आर्चबिशप फर्डिनांड पेरिए यांनी त्यांच्या हाकेची कसून परीक्षा घेतली. व्हॅटिकनची संमती मिळाल्यानंतर ऑगस्ट १९४८ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि ७ ऑक्टोबर १९५० रोजी 'मिशनरीज ऑफ चॅरिटी'ला अधिकृत मान्यता मिळाली.

या मार्गाचा लाभ असा, की व्यक्तीची हाक संस्थेच्या पाठबळाने टिकाऊ होते. धोका असा, की अधिकारपदावरील माणसाने हाक ओळखली नाही, तर ती विझूनही जाऊ शकते. ज्यांना अशी मान्यता मिळाली नाही, त्यांची नावे इतिहासात क्वचितच आढळतात.

पंडिता रमाबाई : सद्सद्विवेकाचा आग्रह

दुसरी वाट सद्सद्विवेकाची. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. संस्कृत विद्वत्तेमुळे 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळविलेल्या, अवघ्या पंचविशीतील या विधवेने धर्मांतर केल्याने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. पण नव्या धर्मातील वडीलधाऱ्यांशीही त्यांचे लवकरच खटके उडू लागले, ही बाब तितकीशी परिचित नाही.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. दोघींमधील पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून आहारापर्यंत अनेक विषयांवर रमाबाई प्रश्न विचारतात. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेला आक्षेप त्यांना मान्य झाला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून दुसऱ्याचे स्वीकारण्यासाठी आपण ख्रिस्ती झालेलो नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. वयाने लहान, नवदीक्षित व्यक्तीने चर्चच्या शतकानुशतकांच्या शहाणपणापुढे नम्र व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. पत्रे वाचताना दोन्ही बाजूंचा प्रामाणिकपणा जाणवतो आणि म्हणूनच हा वाद अस्वस्थ करतो.

रमाबाईंच्या श्रद्धेवर ज्यांचा प्रभाव होता, ते नेहेम्या (नीलकंठशास्त्री) गोरे यांनी नेमकी उलट दिशा धरली होती. काशीच्या पंडितपरंपरेत वाढलेल्या गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. चर्चची परंपरा व अधिकार यांना त्यांच्या लेखी मोठे स्थान होते. एकाच समाजातून आलेल्या, एकाच चर्चमध्ये प्रवेश केलेल्या दोन विद्वानांनी हे दोन मार्ग निवडावेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

रमाबाईंनी चर्च सोडले असे नाही. त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत, एवढेच. मुंबईत १८८९ मध्ये सुरू केलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले 'शारदा सदन', दुष्काळग्रस्त मुली व स्त्रियांसाठी केडगाव येथे उभारलेले 'मुक्ती मिशन', तेथे १९०५ मध्ये झालेले आध्यात्मिक पुनरुज्जीवन आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून स्वतः केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर, ही त्यांच्या पाचारणाची फळे. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनमध्ये विविध पंथांचे कार्यकर्ते एकत्र काम करीत. एका पंथात न सामावलेल्या स्त्रीच्या छायेत अनेक पंथ एकत्र नांदले, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

टिळकांचा 'देवाचा दरबार'

कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची कथा याहून वेगळी आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहपूर्वक भारतीय पाळकाच्या हातून. या हाकेची पहिली किंमत घराला मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या. मात्र बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यानंतरच. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रातून हा ताण मराठी वाचकांना ठाऊक आहे. एकाचे पाचारण दुसऱ्यावर लादता येत नाही आणि प्रतीक्षेतूनच खरे ऐक्य साधते, हे या दांपत्याच्या जीवनाने दाखवून दिले.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी दोन दशके सेवा केली. अभंग, भजन आणि कीर्तन या देशी प्रकारांतून त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला नवे रूप दिले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही ते पाहत. परंतु परदेशी मिशनच्या वेतनावर अवलंबून असलेली मंडळी भारतीय मातीत रुजणार नाही, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकाच बंधुभावात यावेत, अशी ही कल्पना होती.

सहकाऱ्यांपुढे गंभीर प्रश्न उभा राहिला. बाप्तिस्म्याची सीमारेषा पुसली तर मंडळीचे स्वरूप काय उरणार? टिळकांच्या दृष्टीने मात्र त्यांची कल्पना ऐक्य मोडणारी नव्हती. मिशनने आखलेल्या वर्तुळापेक्षा मोठे वर्तुळ त्यांना अभिप्रेत होते. दरबार सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे ही चळवळ फार काळ टिकली नाही. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांतून पंथभेद विसरून गायिली जातात.

नागपूरचा प्रयोग

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट कुटुंबांचा पंथ बहुधा त्यांनी निवडलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात मिशनसंस्थांनी आपसांत कार्यक्षेत्रे वाटून घेतली होती. त्यामुळे अहमदनगर-सोलापूरकडील कुटुंब बहुधा काँग्रिगेशनल, कोल्हापूर-सांगलीकडील प्रेसबिटेरियन, तर डहाणूकडील ब्रदरन होई. बोस्टन किंवा एडिंबरा येथील जुने वाद आपण का वागवायचे, हा प्रश्न भारतीय ख्रिस्ती नेत्यांनी विचारला. १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे, बिशप व्ही. एस. अझरिया यांच्या पुढाकाराने झालेल्या बैठकीत या विचाराला चालना मिळाली. त्यातूनच २७ सप्टेंबर १९४७ रोजी चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे 'चर्च ऑफ साउथ इंडिया' अस्तित्वात आले.

नागपूरच्या एकीकरणात अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट हे सहा प्रवाह होते. सर्वांत नाजूक मुद्दा बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांच्या मते सज्ञान व्यक्तीने विश्वासाची कबुली दिल्यानंतरच तो देता येतो. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती ग्राह्य मानल्या. बालकाचा बाप्तिस्मा ज्या पाळकाच्या सद्सद्विवेकाला पटत नाही, त्याच्यावर सक्ती नसावी, अशीही तरतूद करण्यात आली. दक्षिणेतही ज्या पाळकाची सेवा एखाद्या मंडळीच्या सद्सद्विवेकाला मान्य नाही, तो तिच्यावर लादला जाणार नाही, असे वचन देण्यात आले होते. थोडक्यात, ऐक्याच्या घटनेतच वैयक्तिक श्रद्धेसाठी जागा राखून ठेवण्यात आली.

सर्वांचे समाधान झाले असे मात्र नाही. दक्षिणेत नंद्याल परिसरातील अँग्लिकन मंडळ्यांनी सुरुवातीस एकीकरण नाकारले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीतील एका गटाने विलीनीकरणाला आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ते दशकानुदशके चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला, की केवळ ठराव करून सार्वजनिक न्यासाची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही. त्यासाठी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील प्रक्रिया पाळावी लागते. उपासनेत एक होणे आणि कागदोपत्री एक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाने अधोरेखित केले. अनेक गावांत याचा अर्थ एकाच आडनावाची कुटुंबे वेगवेगळ्या प्रार्थनामंदिरांत जाऊ लागणे, असाही झाला.

कसोट्या कोणत्या?

एखादी हाक खरी की केवळ स्वतःचा हट्ट, हे कसे ओळखावे? निरनिराळ्या परंपरांनी या संदर्भात सांगितलेल्या कसोट्यांत आश्चर्यकारक साम्य आढळते.

पहिली कसोटी फळाची. त्या कार्यातून इतरांचे, विशेषतः दुर्बळांचे, हित होते का? दुसरी कसोटी काळाची. इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात मन अस्वस्थ व निराश असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, असा सल्ला आहे. तिसरी कसोटी संवादाची. हाक एकट्याला आली तरी तिची पारख अनेकांनी मिळून करावी. क्वेकर पंथात तर अशा पारखीसाठी मित्रांची बैठक बोलावण्याची प्रथा आहे. चौथी कसोटी किंमत कोण मोजतो याची. आपल्या पाचारणाचा भार इतरांवर टाकणारा आणि तो स्वतः वाहणारा यांत फरक करावा लागतो.

याच कसोट्या समुदायालाही लावता येतात. वेगळा विचार मांडणाऱ्याला ऐकून घेण्याइतकी सवड मंडळीने दिली का? शिस्तीच्या नावाखाली केवळ सवयीचे रक्षण तर होत नाही ना? ज्या ऐक्यात प्रश्न विचारणाऱ्याला स्थान नाही, त्याला एकरूपता म्हणता येईल, ऐक्य म्हणता येणार नाही.

आजचा संदर्भ

या प्रश्नाचे एक समकालीन मराठी रूप वसईत पाहावयास मिळाले. कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी धर्मगुरुपदाची शिस्त सांभाळूनच 'हरित वसई'च्या पर्यावरण आंदोलनात भाग घेतला, 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले आणि 'सुबोध बायबल' सिद्ध केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. लेखक, आंदोलक आणि धर्मगुरू या तीन हाका एकाच आयुष्यात सामावू शकतात, हे त्यांनी दाखविले.

रमाबाई चौकटीबाहेर राहिल्या, गोरे चौकटीत राहिले, टिळकांनी नवी चौकट आखून पाहिली, तर नागपूरला जमलेल्यांनी सहा चौकटींची एक केली. यांपैकी कोणताही मार्ग वेदनारहित नव्हता आणि कोणत्याही एका मार्गाने प्रश्न कायमचा सुटला नाही. तथापि सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांनी तीव्र मतभेदांनंतरही पत्रे लिहिणे सुरूच ठेवले होते. ऐक्य टिकविण्याच्या दृष्टीने हेही कमी महत्त्वाचे नाही.

महत्त्वाचे टप्पे

इ. स. ५३-५५ (सुमारे) : करिंथकरांस पहिले पत्र
१८४८ : नीलकंठशास्त्री गोरे यांचा बाप्तिस्मा
१८८३ : पंडिता रमाबाई यांचा वाँटेज येथे बाप्तिस्मा
१८९५ : ना. वा. टिळक यांचा मुंबईत बाप्तिस्मा
१९१७ : 'देवाचा दरबार'ची सुरुवात
१९४७ : चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना
१९५० : मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता
१९६२-६५ : दुसरी व्हॅटिकन परिषद
१९७० : नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना
२०१३ : ब्रदरन मालमत्तेविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल